चार तास मशीन, बाकी आठवडा ताट

नोव्हेंबर १९७५मध्ये जयप्रकाश नारायण पेडर रोडवरच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. आणीबाणी लागून पाच महिने होत आले होते. २६ जूनच्या पहाटे दिल्लीत अटक, मग चंडीगडला कैद आणि तब्येत फारच ढासळल्यावर पॅरोलवर सुटका, असं करत ते मुंबईला पोचले होते. इथे निदान झालं की दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. यापुढे जगायचं तर डायलिसिसवर.

जसलोक सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. डॉ. एम. के. मणी तिथे किडनीचे डॉक्टर होते. त्यांच्या देखरेखीखाली जेपींचं डायलिसिस सुरू झालं आणि ८ ऑक्टोबर १९७९ला पाटण्यात त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार वर्षं, ते चालू राहिलं. १९७७ची निवडणूक, जनता पक्षाची जुळवाजुळव, आणीबाणीचा शेवट, हे सगळं या माणसाने डायलिसिसच्या दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत केलं. मार्च १९७९मध्ये तर ते हॉस्पिटलात जिवंत असताना पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत त्यांच्या निधनाची बातमी देऊन टाकली होती.

जेपींच्या मशीनचीही एक गोष्ट आहे. घरी वापरायच्या डायलिसिस मशीनसाठी इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदत निधीतून ९०,००० रुपये पाठवले. जेपींनी ते परत केले. मग लोकांनी वर्गणी काढली, रुपया-रुपया गोळा केला आणि मशीन आलं.

ही गोष्ट आपण राजकारणाची म्हणून वाचतो. मला ती एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. डायलिसिस म्हटलं की आपण मशीनसाठी पैसे उभे करतो. तेव्हाही केले, आजही करतो. पण मशीन आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालतं. आठवड्याचे तास १६८. त्यातले १२ मशीनचे, उरलेले १५६ रुग्णाच्या ताटाचे. आपल्याकडे अनेक रुग्ण खर्चामुळे आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करतात, त्यांच्या ताटावर १६० तास येतात. निरोगी किडनी मात्र सगळे १६८ तास काम करत असते. या ताटाचा विचार कोणी, कधी आणि कसा केला, हे बघायचं तर आधी मशीनच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

लोणी, साखर आणि शेंगदाणा तेल

विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ साली, नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन नावाच्या छोट्या गावात पहिलं चालणारं डायलिसिस मशीन बनवलं. लाकडी पट्ट्यांचा एक आडवा ड्रम, त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी (सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात तीच) आणि खाली एनॅमलच्या टबात मिठाचं पाणी. रक्त नळीतून फिरायचं, ड्रम पाण्यात फिरायचा आणि रक्तातली घाण सेलोफेनच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्यात उतरायची. सुरुवातीचे जवळपास सगळे रुग्ण दगावले. १९४५मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि जगली.

युद्ध संपल्यावर कोल्फने आपली मशीनं इतर देशांतल्या हॉस्पिटलांना भेट दिली. त्यातलं एक लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलला गेलं. पण तिथल्या डॉक्टरांनी ते थोडं वापरून बाजूला ठेवलं, कारण त्यांच्याकडे दुसरा, सोपा उपाय होता. तो म्हणजे आहार.

त्यामागचं तर्कशास्त्र सरळ होतं. आपण प्रथिनं खातो, ती शरीरात वापरली गेली की त्यातून युरिया तयार होतो, आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी बंद असेल तर युरिया साठतो. मग प्रथिनंच देऊ नका. पण माणूस उपाशी राहिला तर शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं आणि त्यातूनही युरिया होतोच. म्हणून ऊर्जा भरपूर द्यायची आणि प्रथिनं शून्य. ॲमस्टरडॅममध्ये बोर्स्ट रुग्णांना लोणी आणि साखर खायला घालत होते. हॅमरस्मिथमध्ये १९४९ साली बुल आणि सहकाऱ्यांनी ४०० ग्रॅम ग्लुकोज आणि १०० ग्रॅम शेंगदाणा तेल पाण्यात घोटून त्याचं लिटरभर मिश्रण केलं. दिवसभर हे मिश्रण नाकातल्या नळीने थेंब-थेंब सोडायचं. साधारण अडीच हजार कॅलरी होतात. चवीचा प्रश्नच नव्हता.

हे उपाय अशा रुग्णांसाठी होते ज्यांची किडनी तात्पुरती बंद पडली आहे. काही आठवडे तग धरला की किडनी परत सुरू होते. मुंबईकरांना हा प्रकार पावसाळ्यामुळे माहीत आहे. गुडघाभर पाण्यातून चाललं, लेप्टो झाला, किडनीवर आला, काही दिवस डायलिसिस करावं लागलं आणि माणूस बरा होऊन घरी गेला. २६ जुलै २००५च्या पुरानंतर शहरातल्या हॉस्पिटलांनी लेप्टोची मोठी साथ पाहिली.

पण ज्यांची किडनी कायमची गेली त्यांचं काय? १९६०पर्यंत त्यांच्यासाठी मशीनही नव्हतं. दर वेळी नवी धमनी आणि नवी शीर कापावी लागायची, आणि हातापायांत कापायला जागा तरी किती असणार? त्यांना मिळायचं फक्त पथ्य. इटलीत जोर्दानो आणि जोव्हानेत्ती यांनी १९६३-६४मध्ये या पथ्याचं शास्त्र बसवलं: दिवसाला जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तीही अंड्यासारखी उच्च दर्जाची. मळमळ थांबायची, खाज कमी व्हायची, माणूस काही महिने जास्त जगायचा. पण तो वाळत जायचा.

किडनीचं दुखणं म्हणजे डाळ बंद, अंडं बंद, मासे बंद, ही आपल्या घराघरांत पक्की बसलेली समजूत त्या काळातली आहे. त्या काळासाठी ती बरोबरच होती.

नियम उलटला, पण निरोप पोचला नाही

मार्च १९६०मध्ये अमेरिकेत सिॲटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची वाकवलेली नळी क्लाइड शील्ड्स नावाच्या रुग्णाच्या हातात कायमची बसवली. एक टोक धमनीत, एक शिरेत. आता दर वेळी नवी जागा कापायला नको. शील्ड्स त्यानंतर ११ वर्षं जगले. १९६६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो यांनी नळीचीही गरज संपवली. त्यांनी हातातली धमनी आणि शीर थेट एकमेकांना जोडली. आज डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावर जी फुगलेली शीर दिसते आणि बोट ठेवलं तर थरथरते, ती हीच फिस्टुला.

सिॲटलमध्ये मशीनं कमी आणि रुग्ण जास्त होते. कोणाला जगवायचं ते ठरवायला सात जणांची समिती नेमली होती. त्यात एक वकील, एक पाद्री, एक बँकर, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार नेता आणि एक सर्जन. १९६२मध्ये 'लाइफ' मासिकाने ही बातमी छापली तेव्हा अमेरिका हादरली. आपल्याकडे अशी समिती कधी बसली नाही. ते काम खिशाने केलं.

या नव्या रुग्णांबरोबर ताटाचा नियमही उलटायला हवा होता. मशीन युरिया काढतं, पण चाळणीला घाण आणि पोषण यातला फरक कळत नाही. एका सत्रात साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, पाण्याबरोबर निघून जातात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात. म्हणजे डायलिसिस सुरू होण्याआधी ज्याला प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात, त्यालाच डायलिसिस सुरू झाल्यावर ती वाढवायला सांगावं लागतं. आजचा साधारण हिशोब आहे दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज करा.

हे किती गंभीर आहे ते १९९०मध्ये स्पष्ट झालं. अमेरिकेत लॉरी आणि ल्यू यांनी डायलिसिसवरच्या बारा हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या. मृत्यूचा धोका सगळ्यात ठळकपणे दाखवणारा आकडा रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा निघाला. तो जितका कमी, तितका धोका जास्त. अल्ब्युमिन सूज आणि जंतुसंसर्गामुळेही घटतं, त्यामुळे सगळा दोष जेवणाचा म्हणता येणार नाही. पण खंगलेला रुग्ण मशीनवर असूनही दगावतो, हे त्यानंतर नजरेआड करता आलं नाही.

आपल्याकडे मात्र डायलिसिस सुरू झाल्यावरही आधीचाच कागद फ्रीजवर चिकटलेला असतो. 'किडनीचं आहे ना, मग डाळ नको.' काळजीपोटीच सांगितलेलं असतं, पण ते आधीच्या टप्प्याचं पथ्य असतं.

परळचा रस्ता

आता परत मुंबईत. परळच्या आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि हाफकिन या दोन संस्था आहेत. चालत काही मिनिटांचं अंतर.

केईएम १९२६चं, महापालिकेचं. इथे १९६५मध्ये डॉ. पी. के. सेन आणि सहकाऱ्यांनी भारतातला किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. मृत व्यक्तीची किडनी वापरली होती. रुग्ण वाचला नाही, पण सुरुवात झाली. तीन वर्षांनी याच सेनांनी याच हॉस्पिटलात देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण करून पाहिलं. जिवंत नातेवाइकाची किडनी घेऊन देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१मध्ये वेल्लोरला झालं. केईएममध्ये किडनीविकारांचा विभाग डॉ. विद्या आचार्य यांनी उभा केला आणि अनेक वर्षं सांभाळला. पेडर रोडच्या खाजगी हॉस्पिटलचा खर्च ज्यांना झेपणार नव्हता, त्यांच्यासाठी हा दरवाजा होता आणि आहे.

हाफकिनची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. १९२८मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. इथल्या गरीब गरोदर बायकांना, त्यात गिरणीत काम करणाऱ्याही होत्या, एक जीवघेणा ॲनिमिया व्हायचा आणि त्याचं कारण सापडत नव्हतं. विल्सने त्या बायका काय खातात ते बघितलं. ज्यांच्या जेवणात भाज्या आणि मांस अगदीच कमी, त्यांना हा आजार जास्त. तिने यीस्टपासून बनवलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ देऊन पाहिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्यातला अज्ञात घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, म्हणून डायलिसिसमध्ये वाहून जातं, आणि म्हणूनच रुग्णांना त्याची गोळी दिली जाते. परळच्याच रस्त्यावर, ताटात डोकावून, लागलेला शोध.

विल्ससारखी माणसं ताट मोजत होती तेव्हाच कुन्नूरला आयक्रॉइड आणि त्यांचे सहकारी भारतीय पदार्थांचं पृथक्करण करत होते. १९३७मध्ये त्यांची पहिली पोषणमूल्य-तालिका आली. तिचीच परंपरा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने चालवली आणि २०१७च्या आवृत्तीत ५२८ पदार्थ आहेत. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे डेटाबेससारखं दिसतं. डेटा ऐंशी-नव्वद वर्षं जमतो आहे. कमी आहे तो लालबागच्या स्वयंपाकघरात कळेल असा स्क्रीन.

गिरणी ते मंडळ

लालबाग-परळच्या गिरणी कामगारांकडे एक गोष्ट होती जी आज तिथल्या बहुतेकांकडे नाही: ईएसआयचं कार्ड. १९४८च्या कायद्याने आलेली ही विमा योजना, आणि परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय हे तिचं हॉस्पिटल. आजार मोठा असो की छोटा, जायला एक हक्काची जागा होती. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत. नोकरी गेली तसं कार्डही गेलं. पुढची पिढी वॉचमन, ड्रायव्हर, कुरियर, दुकानातली नोकरी अशा कामांत गेली, जिथे विमा असेलच असं नाही.

ती पोकळी भरली कोणी? बऱ्याच प्रमाणात देवाने. लालबागच्या राजाचं मंडळ १९३४चं. पेरू चाळीतला बाजार बंद पडल्यावर कोळी आणि फेरीवाल्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला आणि तो फळल्यावर गणपती बसवला, ही त्याची कथा. रोजी-रोटीच्या नवसातून जन्मलेलं हे मंडळ आज डायलिसिस सेंटर चालवतं. प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यासही चालवतो. दोन्हीकडे दर खाजगी हॉस्पिटलपेक्षा बरेच कमी. दानपेटीतला पैसा फिरून मशीनपर्यंत पोचतो. जेपींच्या मशीनसाठी जमवलेल्या रुपया-रुपयाचीच ही पुढची आवृत्ती.

सरकारही आलं. २०१२मध्ये सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. २०१६च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. तेव्हाच्या भाषणात अरुण जेटलींनी आकडे दिले होते: दरवर्षी किडनी निकामी झालेले २.२ लाख नवे रुग्ण, एका सत्राचा खर्च सुमारे २,००० रुपये, वर्षाचा ३ लाखांच्या वर.

पन्नास वर्षांत मशीन पेडर रोडवरून लालबागपर्यंत आलं. ही छोटी गोष्ट नाही. पण या सगळ्या योजनांचं एकक आहे 'सत्र'. चार तासांचे पैसे दिले की योजना संपते.

ताटात काय आहे

मुंबईच्या ताटासमोर बसून बघू. शाळेत शिकवलेलं असतं की भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि उकडलेलं पाणी फेकू नका, सत्त्व जातं. डायलिसिसच्या घरात याच्या बरोबर उलट करावं लागतं. चिरायचं, भरपूर पाण्यात उकळायचं आणि पाणी ओतून द्यायचं, कारण त्यातलं पोटॅशियम घालवायचं असतं. पोटॅशियम रक्तात वाढलं तर हृदयाचा ठोका बिघडतो, कधीकधी काहीही पूर्वसूचना न देता.

आजाऱ्याला भेटायला जाताना आपण काय नेतो? शहाळं. एका ग्लासात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम. केळी नेली तर मध्यम आकाराच्या एका केळ्यात ४०० च्या आसपास. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून कोणी 'कमी सोडियमचं मीठ' आणून दिलं, तर त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. प्रसादाच्या पंचखाद्यात खारीक, खोबरं, बेदाणे. करंबळ म्हणजे स्टार फ्रूट तर अशा रुग्णाच्या मेंदूवर थेट विषासारखं काम करू शकतं.

मग पाणी. लघवी जितकी होते त्यावर साधारण अर्धा लिटर, एवढंच दिवसभरात, आणि त्यात चहा, आमटी, ताक सगळं मोजायचं. मे महिन्यातल्या लोकलमध्ये. इथे मुंबईचा कटिंग चहा उपयोगी पडतो, माप आधीच अर्धं आहे. मिठाने तहान वाढते, म्हणून पापड, लोणचं, सुकट, सुके बोंबील जपून. मशीनला मात्र एका सत्रात रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहायला १२० लिटर शुद्ध द्रव लागतो. चाळीत नळ येण्याची वाट बघत पिंप भरणाऱ्या घरातला माणूस या १२० लिटरशेजारी चार तास तहानलेला पडून असतो.

आणि या सगळ्या 'नको'च्या यादीत ६०-७० ग्रॅम प्रथिनं बसवायची. अंड्याचा पांढरा भाग, ताजे मासे, मोजून डाळ-उसळ. त्यात फॉस्फरसचा हिशोब, मधुमेह असेल तर साखरेचा. घरातले बाकीचे काय खाणार आणि दोन स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न कोणत्याच चार्टवर नसतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक घरांत एका बाईने दिलेलं असतं. तिच्या हातात मिळालेला कागद अनेकदा इंग्रजीत आणि ग्रॅममध्ये असतो. तिच्याकडे वाटी आणि पळी आहे.

पुढे

आहार हाही उपचाराचा भाग आहे, हे सरकारने दुसऱ्या एका आजारात मान्य केलेलं आहे. टीबीच्या रुग्णाला २०१८पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले आणि २०२४मध्ये ते १,००० झाले. आंध्र प्रदेशने २०१९मध्ये डायलिसिसच्या रुग्णांची पेन्शन महिना १०,००० रुपये केली. म्हणजे कल्पना नवीन नाही आणि अशक्यही नाही.

जेपींवर उपचार करणारे डॉ. मणी पुढे चेन्नईला गेले. तिथे त्यांनी किडनी हेल्प ट्रस्टमार्फत आसपासच्या गावांत लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासून स्वस्त गोळ्या देण्याचं काम उभं केलं, म्हणजे मशीनची वेळच कमी लोकांवर यावी. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध डायलिसिस रुग्णाच्या डॉक्टरने मशीनच्या अलीकडे उभं राहायचं ठरवलं.

जे आधीच मशीनवर आहेत त्यांच्यासाठी मशीनच्या पलीकडे कोणीतरी उभं राहायला हवं. ज्या मंडळाने पलंग आणि मशीन घेतलं, त्याला एका आहारतज्ज्ञाचा पगार जड नाही. दर महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून, मराठीत, वाट्या-चमच्यांच्या मापात, 'या महिन्यात टोमॅटो कमी, अंडं रोज' एवढं सांगणारं माणूस हवं. सत्र संपल्यावर हातावर ठेवायला दोन उकडलेल्या अंड्यांचे पांढरे भाग चालतील.

आणि एक अगदी साधी गोष्ट, जिला बजेट लागत नाही. आपल्या शहरात कोणाचाही वाढदिवस असला की हॉस्पिटलात रुग्णांना फळवाटप होतं. फोटो निघतो, बॅनरवर जातो. पुढच्या वेळी केळ्यांची फणी घेऊन वॉर्डात शिरण्याआधी दारातल्या सिस्टरला विचारा की इथे डायलिसिसचे पेशंट आहेत का. असतील तर केळी दुसऱ्या वॉर्डात द्या, आणि यांना काय चालेल ते तिच्याकडूनच लिहून घ्या.